सकाळी ऊन द्यायचं

१८ डिसेंबर

ताई,

नमस्कार. या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? इकडे चार दिवस झाले, सकाळी नळातच पाणी गोठतं. नऊच्या पुढे येतं. माझी तब्येत ठीक आहे. दोन्ही वेळ जेवतो.

पत्राला कारण कोंबड्या.

फोन करणार होतो. पण त्या दिवशी फाटकात तुम्ही म्हणालात, "फोन करू नका. फोनवर तुम्ही हं-हं करता आणि ठेवून देता. काही सांगायचं असलं तर लिहा." म्हणून लिहायला बसलो. पत्रांची मला सवय नाही. धुलाईखान्याच्या बॉयलरवर बत्तीस वर्षं रोज नोंद लिहिली, पण तिथे वेळ, वाफेचा दाब, पाण्याची पातळी आणि सही, एवढंच लिहायचं असतं. तेव्हा काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

तुमच्या धाकटीच्या पाच कोंबड्यांपैकी एक परवा गेली. 'लाजरी' म्हणायची ती, पांढरी, नेहमी दुसरीच्या आड उभी राहणारी. सकाळी खुराडं उघडलं तर कोपऱ्यात पिसं फुलवून बसलेली. मला वाटलं, झोपली आहे. हात लावला तर लाकूड झालेली. बाकी चौघींचे तुरे टोकाशी काळे पडले आहेत. अंडी तर नोव्हेंबर संपायच्या आतच बंद झाली.

मी काय चुकतो आहे ते मला कळत नाही. दवाखान्यात जायच्या सकाळी, गाडी दारात उभी असताना, ती चपला घालून परत आत गेली आणि दाण्याच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून आली. त्यावर लिहिलं आहे ते असं:

"कोंबड्या. सकाळी ऊन द्यायचं. फार ऊन नको, मनगटावर बघून द्या. संध्याकाळी मका, मूठभर, त्या झोपायच्या आधी. पाणी गोठलं तर बदला."

हे मी एकही दिवस चुकवलेलं नाही. खुराड्याच्या पूर्वेच्या अंगाला तिनं जाड पोतं बांधलं होतं, ऊन अडत होतं म्हणून ते सोडलं. अक्रोडाची एक खालची फांदी आडवी येत होती, ती कापली. जाळीचा पिंजरा आहे, त्यात त्यांना घालून ऊन सरकेल तसा अंगणभर सरकवत नेतो. आणि बाही वर करून मनगट उन्हात धरतो, फार तर नाही ना ते बघायला. डिसेंबरात फार कुठून असणार, पण तिनं लिहिलं आहे म्हटल्यावर धरतो. परवा शेजारचा न्हावी कुंपणावरून बघत होता. म्हणाला, "बॉयलरवाले, सूर्याची नाडी बघताय होय? काय म्हणतोय, जगेल का?"

ढगाळ असलं की मात्र माझा नाइलाज होतो. त्या दिवशी नुसते नेहमीचे कोरडे दाणे वाडग्यात टाकतो आणि दार लावून घेतो.

तुमच्या आईनं कोंबड्या पाळल्या होत्या, तुम्ही दोघी त्यांच्यात वाढलात. थंडीत अजून काय करायचं असतं ते कळवा. न्हावी म्हणतो, देऊन टाका कुणाला तरी. पण या चार मी सांभाळीन असं मी तिला म्हणालो होतो. तेव्हा पाच होत्या.

तुम्ही फाटकात आणखी एक विचारलं होतं, "शेवटी तिनं माझं नाव काढलं का?" म्हणून. मी म्हणालो, ती बोलण्याच्या अवस्थेत नव्हती. तर ते तसंच. सविस्तर पुढे कधीतरी लिहीन.

उत्तराची मला घाई नाही, पण कोंबड्यांना आहे.

तुमच्या धाकटीच्या घरून,
मी


२९ डिसेंबर

ताई,

नमस्कार. तुमचं कार्ड काल दुपारी मिळालं. फाटकातच उभं राहून वाचलं, मग आत येऊन परत वाचलं.

"अहो, ऊन म्हणजे सूर्याचं नव्हे! ऊन म्हणजे गरम. आमच्या आईच्या तोंडचा शब्द. सकाळी कोंडा कालवून ऊन-ऊन द्यायचा, त्यांची चोच भाजू नये म्हणून आधी मनगटावर बघायचा. लहान मुलाचं दूध बघतात तसं. देवा रे, तुम्ही त्यांना उघड्यावर बसवत होतात! आणि मी विचारलं होतं त्याचं उत्तर तुम्ही दिलेलं नाही."

मी दाण्याच्या डब्यापाशी पालथ्या बादलीवर बसलो आणि कागद पुन्हा पाहिला. आता तो दुसरं काही म्हणतच नव्हता. असं कसं होतं कळत नाही. एकतीस वर्षं ती मला सांगत आली, "ऊन पाणी काढलंय, आंघोळ करून घ्या." तेव्हा कधी प्रश्न पडला नाही. पाणी शब्द सोबत असला की कळायचं. आमच्या घरी सगळं 'गरम' असायचं, त्यामुळे नुसतं 'ऊन' दिसलं की मला आकाशातलंच दिसतं. वाफेवर जन्म काढलेल्या माणसाला गरम शब्द वाचता आला नाही. हे न्हाव्याला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. जन्मभर कात्री चालवताना हसेल.

पण मला त्यापेक्षा वेगळं काही आठवलं, ते तुम्हाला सांगायला हवं.

दवाखान्यात ती तेवीस दिवस होती. भेटायची वेळ चार ते सहा. मी खुर्ची ओढून बसलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला.

"ऊन देताय ना?"

"देतोय की."

"फार ऊन नको हं."

"मनगटावर बघतो."

"शहाणे आहात."

मग ती डोळे मिटून पडायची. चेहऱ्यावर अगदी निवांतपणा. रोज तेवढंच संभाषण, रोज आम्ही दोघंही समाधानी. मी उन्हाबद्दल बोलत होतो आणि ती कोंड्याबद्दल. फक्त एकदा मी म्हणालो, "आज नाही दिलं, ढग होते." तिनं डोळे उघडले. "ढगांचं काय मधेच?" एवढ्यात नर्स इंजेक्शन घेऊन आली, मला बाहेर उभं केलं, आणि आत गेलो तेव्हा तिला गुंगी आली होती. ते तिथेच राहिलं.

म्हणजे ती गेली तेव्हा तिच्या समजुतीप्रमाणे तिच्या कोंबड्या रोज सकाळी गरम खात होत्या. याचं मी काय करू, मला समजत नाही. चूक कळली नाही म्हणून तिला बरं वाटत होतं. लाजरीला मात्र बरं वाटलं नाही.

असो. आज सकाळपासून सुरुवात केली. दोन मुठी कोंडा, एक मूठ ओट्स, उकडलेले बटाटे कुस्करून, आणि लाल भोपळ्याचा गर बियांसकट. मीठ नाही घातलं. मीठ त्यांना सोसत नाही हे मला ठाऊक आहे, एकदा मी माझ्या ताटातलं उरलेलं त्यांना टाकलं म्हणून तिनं मला फैलावर घेतलं होतं. गरम पाण्यात सगळं घट्टसर कालवलं. पहिल्यांदा माझं जुनं बॉयलरचं तापमापक घालून पाहिलं, सत्तर अंश. मग थांबलो. मग मनगटावर थेंब घेतला. चटका नाही, नुसती ऊब. तेव्हा पुन्हा तापमापक घातलं, तर अडतीस. आता तापमापक लागणार नाही, मनगटानं आकडा पाठ केला.

वाडगं ठेवलं तर वाफ बघून चौघी भिंतीला चिकटल्या. माझ्या हातून काही चांगलं येईल यावर त्यांचा विश्वास राहिलेला नसावा. मग 'मास्तरीण' पुढे आली (ही तिरप्या मानेनं बघते, चष्म्यावरून बघावं तशी), एक घास घेतला, थांबली, आणि तिनं घशातून एक आवाज काढला. तो आवाज मी दोन महिन्यांत ऐकला नव्हता. तो ऐकून 'ठिपकी' आली, 'तांबडी' आली. पाच मिनिटांत वाडगं चाटूनपुसून लख्ख. पोतं पुन्हा बांधलं. फांदी काही परत जोडता येणार नाही.

आता रागावणार नसाल तर सांगतो. कागदातली एक ओळ मी मागच्या पत्रात गाळली होती. शेवटची. "ताईकडे लक्ष द्या." चौथी कोंबडी, सगळ्यांत म्हातारी. सगळ्यांना टोचून रांगेत लावणार, कुणी आगाऊपणा केला की पाठलाग करणार, पण वाडगं ठेवलं की बाकीच्यांचं होईपर्यंत बाजूला उभी राहणार. तिचं नाव धाकटीनं 'ताई' ठेवलं आहे, सहा वर्षांपूर्वी. म्हणायची, "अगदी आमची ताई! आरडाओरडा हिचा आणि घास दुसऱ्याच्या तोंडात." तुम्हाला कळू द्यायचं नाही अशी मला ताकीद होती. तिच्या तुऱ्याला सर्वांत जास्त मार बसला आहे. रोज पेट्रोलियम जेली लावतो. लावू देते, पण बोलते फार.

तुमच्या त्या प्रश्नाचं असं आहे, की ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. कधी भेट झाली तर बोलू.

गुडघ्यांना ऊन पाण्यानं शेका. (बघा, आता लिहिता येतं.)

मी


९ जानेवारी

ताई,

आज घाईत दोनच ओळी. तांबडीनं काल अंडं घातलं. नोव्हेंबरानंतरचं पहिलं. हातात घेतलं तर अजून ऊब होती. खाववेना. न्हाव्याला नेऊन दिलं. तो म्हणाला, "सूर्याला बरं वाटतंय वाटतं."

तुम्ही कळवलं तसं संध्याकाळचा मकाही भरडून, तव्यावर थोडा शेकून देतो. रात्रभर पोटात राहतो आणि आतून ऊब देतो, हे मला माहीत नव्हतं. आणि उरलेलं कालवण वीस मिनिटांत उचलतो. एके दिवशी राहू दिलं होतं, त्याचा दगड झाला आणि मास्तरीण त्यावर चोच आपटत बसली.

तुमच्या पत्रातली शेवटची ओळ वाचली. तिसऱ्यांदा विचारलंत.

आज माझं डोकं दुखत आहे. थांबतो.

मी


२३ जानेवारी

ताई,

तुमचं सहा पानी पत्र मिळून आठ दिवस झाले. आठही दिवस मी उत्तर लिहायला बसलो आणि दर वेळी उठून खुराडं झाडायला गेलो. एवढं स्वच्छ खुराडं कुणी पाहिलं नसेल. आज ठरवलं आहे की लिहून होईपर्यंत उठायचं नाही.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला झोप लागत नाही. ऑक्टोबरात फोनवर तुमचं तिच्याशी वाजलं, ती दुखणं अंगावर काढते म्हणून तुम्ही चिडलात, आणि ठेवता ठेवता म्हणालात, "मग मर मेले, माझं काय जातंय!" ते तुमचं तिच्याशी शेवटचं बोलणं. आणि आता तुम्हाला वाटतं की ते तिच्या मनाला लागलं, म्हणून इतके दिवस दवाखान्यात असूनही तिनं तुम्हाला कळवलं नाही, बोलावलं नाही. तुम्ही लिहिलंत, "ती मला माफ न करता गेली, एवढंच मला कळलं पाहिजे. मग मी विचारायची थांबेन."

हे मी तुम्हाला तीन पत्रं विचारायला लावलं. आता मला अजून गप्प राहता येणार नाही.

ती फोन ठेवून स्वयंपाकघरात आली तेव्हा हसत होती. म्हणाली, "ताईनं 'मर मेले' म्हटलं की मला बरं वाटतं. गोड बोलायला लागली की समजावं, आपलं काही खरं नाही." हे शब्द तिचे आहेत, मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून बनवलेले नाहीत. मला असलं काही बनवता येत नाही हे तुम्ही जाणता.

आणि ती बोलण्याच्या अवस्थेत होती. शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत ती बोलत होती. मी तुम्हाला फाटकात खोटं सांगितलं.

तिनं तुम्हाला बोलवा म्हणून मला पहिल्यांदा सांगितलं ते नवव्या दिवशी. म्हणाली, "ताईला आणा की एकदा." मी म्हणालो, "दवाखान्यात कोंबडी आणली तर मला आणि तिला दोघांनाही बाहेर काढतील." ती हसली. खूप दिवसांनी हसली, खोकला येईपर्यंत. मलाही हसू आलं. मला वाटलं, वेळ निभावली.

ताई, मला कळलं होतं. 'ऊन' मला कळलं नव्हतं, ते खरंच कळलं नव्हतं. पण 'ताई' म्हणजे कोण हे मला पहिल्या शब्दाला कळलं होतं.

मग तेच सोपं पडलं. ती म्हणायची, "ताई कशी आहे? ताईला बघावंसं वाटतं." मी म्हणायचो, "मजेत आहे, काल ठिपकीला टोचलं." ती एखाद दिवशी हसायची, एखाद दिवशी नुसतं बघायची. असं चार-पाच दिवस झालं असेल. मी तिथे वेड घेऊन पेडगावला जात होतो, आणि ती आजारी होती तरी मला जाऊ देत होती.

का केलं ते सांगतो. तुम्हाला आठवत असेल, तुमच्या आईच्या वेळी तुम्ही बॅग घेऊन गेलात, वडिलांच्या वेळी गेलात, थोरल्या भावाच्या वेळीही शेवटचे पंधरा दिवस तुम्हीच केलंत. धाकटी गमतीनं म्हणायची, "आमच्या घरात ताई बॅग घेऊन दारात दिसली की समजावं, डॉक्टरांनी हात टेकले." तुम्हालाही ती हे तोंडावर म्हणायची आणि तुम्ही तिला मारायला धावायचात. मला तेच बोलणं आठवत राहिलं. तुम्ही त्या खोलीच्या दारात दिसलात तर तिला कळेल. डॉक्टर मला सोमवारी एक सांगत होते आणि गुरुवारी दुसरं, पण त्यांनी हात टेकले असं अजून कुणी म्हणालं नव्हतं. मी स्वतःशी म्हणत होतो, दोन दिवस थांबू, जरा बरं वाटलं की बोलावू. म्हणजे तुम्ही बॅग न घेता याल.

तिला कळू नये म्हणून, असं मी इतके दिवस धरून चाललो. या आठ दिवसांत खुराडं झाडताना ते काही टिकलं नाही. तिला सगळं केव्हाच कळलेलं होतं. तिनं त्या सकाळी गाडी थांबवून कागद लिहिला. परत येणारं माणूस कागद लिहीत नाही, सांगून जातं. तुम्ही दारात दिसल्यावर कळायचं होतं ते मला.

शेवटच्या गुरुवारी तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "कोंबडी नाही हो. माझी ताई. बोलवा तिला."

आता वेड पांघरायला जागाच राहिली नाही. मी म्हणालो, "कळवलंय. निघाल्याही असत्या. पण बर्फानं गाड्या बंद आहेत."

ती खिडकीकडे वळली. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. रस्ता कोरडा होता, आणि खालच्या थांब्यावरून गाडी सुटलेली आम्हा दोघांनाही ऐकू आली.

ती म्हणाली, "बरं."

त्यानंतर तिनं तुमचं नाव काढलं नाही. माझ्यापाशी काढून उपयोग नाही हे तिला कळलं असावं. तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते लिहितो: तुम्ही आला नाहीत ते तुमच्या रागामुळे नव्हे, हे तिला ठाऊक होतं. कुणामुळे, तेही ठाऊक होतं.

अजून एक राहिलं आहे. ते लिहिलं की झालं.

ती गेल्यावर तुम्ही आलात, त्या दिवशी तिला पाहून तुम्ही मला विचारलंत, "केस कुणी कापले हिचे?" मी म्हणालो, दवाखान्याचा नियम असतो. असा काही नियम नाही. सतत पडून राहिल्यानं तिच्या केसांचा मागे गुंता झाला होता, मुठीएवढा. नर्स विंचरायला गेली की ती डोकं बाजूला घ्यायची. म्हणायची, "राहू द्या. माझी बहीण येणार आहे. लहानपणापासून तिच्या हाताला माझा गुंता माहीत आहे." हे ती नर्सला सांगायची, मला नाही. मला नर्सनं नंतर सांगितलं. शुक्रवारी, म्हणजे त्या 'बरं'च्या दुसऱ्या दिवशी, तिनं स्वतःहून नर्सला कात्री आणायला सांगितलं.

त्याआधी, मंगळवारी, एकदा मी प्रयत्न केला होता. घरून तिचा मोठ्या दातांचा कंगवा नेला. खालून थोडं थोडं सोडवत गेलो. माझे हात मोठे, बॉयलरच्या झडपा फिरवलेले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती म्हणत राहिली, "दुखत नाही, करा तुम्ही." अर्ध्या तासात एक बोटभरही सुटलं नाही. मी कंगवा पिशवीत टाकला आणि म्हणालो, उद्या करू.

तुम्ही तो दहा मिनिटांत सोडवला असता.

कापलेली वेणी नर्सनं कागदात गुंडाळून माझ्याकडे दिली. कपाटात वरच्या फळीवर आहे. गुंता आहे तसाच आहे, मी हात लावलेला नाही. ती टपालानं पाठवायची वस्तू नव्हे आणि माझ्याकडे राहायचीही नव्हे. तुम्ही म्हणाल त्या दिवशी मी ती घेऊन येईन, तुमच्या दारात देऊन तसाच पुढच्या गाडीनं परत फिरेन. तुम्हाला इकडे यावंसं वाटलं तर या. घरात यायचं नसेल, मला समोर बघायचं नसेल, तर तसं आधी लिहा. किल्ली न्हाव्याकडे ठेवून मी दिवसभर बाहेर जाईन.

माफी मागत नाही, ताई. मागितली तर तुम्ही द्याल.

तुम्हाला न बोलावणारा,
धाकटीचा नवरा